आधी पाय पुढे करायचा: कोरियातले आठ दिवस

सईला तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट मिळाला त्या संध्याकाळी मी भावनेच्या भरात बोलून गेलो होतो, "बारावी होऊ दे, तुला कोरिया दाखवतो." मुली असलं काही विसरत नाहीत. बारावी झाली, कॉलेजही सुरू झालं, आणि दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं तिनेच शोधून माझ्यासमोर ठेवली. हिची रजा ऐन वेळी नामंजूर झाली, म्हणून निघालो बापलेक दोघंच. माझी अट एकच होती. तायक्वांदोचं मुख्यालय वगैरे बघू, पण निम्मे दिवस माझ्या आवडीचे.

माझी आवड म्हणजे तेक्यॉन, कोरियाची जुनी, मुख्यतः पायांनी खेळायची युद्धकला. कधीतरी रात्री फोनवर बघितलं होतं: पांढऱ्या सैलसर कपड्यांतली दोन माणसं, गुडघ्यांत लवत, हात हलवत, थोडी प्यायल्यासारखी डोलताहेत. मध्येच एकाने दुसऱ्याच्या घोट्याला पाय अडकवला, तो धपकन बसला, आणि दोघंही हसायला लागले. मारामारीत पडलेला माणूस हसतो हे मला फार आवडलं होतं. सईने तोच व्हिडिओ बघून निकाल दिला, "बाबा, ही लेझीम आहे."

दिवस पहिला आणि दुसरा: सेऊल

विमान, मेट्रो, हॉटेल यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. थंडी मात्र ठाणेकरांच्या हिशेबाबाहेरची होती. रस्त्याकडेची गिंको झाडं हळदीने माखल्यासारखी पिवळीधमक, आणि खाली पडलेल्या त्यांच्या फळांना नासलेल्या तुपाचा वास. बुटाला चिकटलं की दिवसभर सोबत. (फूटपाथवर पिवळ्या गोट्यांसारखं काही दिसलं तर वळसा घाला. मी घातला नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यॉंगबोकगुंग राजवाड्याच्या पश्चिमेला साजिक बागेत गेलो. इथे जोसॉन राजघराण्यातल्या राजांनी भूमी आणि धान्याच्या देवतांसाठी बांधलेली वेदी आहे, मागे इनवांगसान हा उघड्या कातळाचा डोंगर. आमच्या दृष्टीने या भागाचं महत्त्व वेगळं. तेक्यॉनचे उस्ताद सॉंग दॉक-गी इथले, साजिक-दोंगचे. जन्म १८९३. लहानपणी याच परिसरात इम हो नावाच्या उस्तादाकडे ते तेक्यॉन शिकले. त्या काळी वरच्या आळीची पोरं विरुद्ध खालच्या आळीची पोरं असे सामने व्हायचे. आधी चिल्लीपिल्ली, मग मोठे, आणि जिंकलेला आखाड्यात उभा राहून पुढच्याची वाट बघायचा. पुढे जपानी अंमल आला, सामने बंद पडले, शिकवणारे पांगले. १९५८ साली राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर कला दाखवायची वेळ आली तेव्हा सॉंग साठी-पासष्टीचे होते. जोसॉन काळातलं तेक्यॉन अंगात असलेला शेवटचा माणूस म्हणून आज त्यांचं नाव घेतात. एक अख्खी विद्या एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांत शिल्लक राहते म्हणजे काय, याचा मी त्या बागेत बसून बराच वेळ विचार केला. सई तोवर टाचा उंचावून स्ट्रेचिंग करत होती.

बागेच्या वरच्या अंगाला ह्वांगहाकजॉंग हा धनुर्विद्येचा जुना मंडप आहे. राजा गोजोंगच्या हुकमाने १८९८ मध्ये दुसऱ्या राजवाड्यात बांधलेला, १९२२ मध्ये इथे हलवलेला. सॉंग इथे बाणही मारायला येत. लक्ष्य १४५ मीटरवर. एक आजी आल्या, कमरेला पट्टा बांधला, पाच बाण सोडले, त्यांतले तीन टण्‌ टण्‌ लाकडावर वाजले. चौथा आणि पाचवा कुठे गेला कळलं नाही. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघत खांदे उडवले.

खाली उतरताना झाडांखाली सहा-सात जण सराव करताना दिसले, साध्या ट्रॅकपँटमध्ये. त्यांतले सर्वांत वयस्कर आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शहराची बस चालवलेले. इंग्रजी शून्य, पण फोनवरच्या भाषांतराच्या ॲपशी त्यांची गट्टी जबर. मी बघत उभा राहिलो तर हाताला धरून आत ओढलं.

पहिला धडा: पुमबाप्की. चिनी लिपीत तीन चौकटींचं एक अक्षर आहे, एक वर आणि दोन खाली. कोरियन त्याला 'पुम' म्हणतात. पाय त्या तीन बिंदूंवर पडतात. एक पाय पुढे, परत मागे, मग दुसरा. ठेका तिनाचा. पाऊल टाकताना गुडघा मऊ लवतो, त्याला कुमशिल म्हणतात. मग ओटीपोट पुढे येऊन अंग ताणलं जातं, ते नुंगचॉंग. वाचायला सोपं आहे. करायला गेलो तर माझं अंग दोन ठोक्यांत चालत होतं आणि बाकीच्यांचं तीन. आजोबांनी माझ्या कमरेवर हात ठेवून फोनला काहीतरी सांगितलं. फोन म्हणाला, "तुम्ही जिना चढत आहात. जिना नाही. लाट आहे."

१८९५ मध्ये कोरियन खेळांबद्दल लिहिणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासकाने या खेळाची दखल घेतली होती, आणि त्यातही पाय तीनच जागी पडतात हे त्याने टिपलंय. सव्वाशे वर्षांनंतर त्याच तीन जागा, फक्त त्यांवर माझे स्पोर्ट्स शूज.

आणि ती आरोळी! वार करताना पोटातून आवाज काढायचा: "इक्कु!", "एक्कु!" सईला तायक्वांदोतल्या कडक किहापची, म्हणजे वार करतानाच्या आरोळीची सवय, तिने दणदणीत ओरडून दाखवलं. सगळे हसायला लागले. फोनकडून खुलासा झाला की 'इक्कु' म्हणजे कोरियन माणूस एकदम दचकला की तोंडातून निघतो तो उद्गार. म्हणजे आपलं "अरेच्चा!" प्रतिस्पर्ध्यावर चाल करून जाताना "अरेच्चा!" म्हणणारी युद्धकला जगात आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही.

निघताना आजोबांनी विचारलं, पुढे कुठे? छुंगजू म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "सफरचंदं," फोन म्हणाला.

*थोडं कामाचं:* टी-मनी हे प्रवासाचं कार्ड घ्या, सेऊलबाहेरच्या शहरबसमध्येही चालतं. गुगल मॅपने आम्हाला इथे पायी रस्ता नीट दाखवला नाही. नेव्हर मॅप हे कोरियन ॲप उतरवून ठेवा. शाकाहारी असाल तर किमचीतसुद्धा बहुधा माशाचं लोणवण असतं, आणि साध्या दिसणाऱ्या रश्श्याला सुकटीचा आधार असतो. आम्ही दोघं मासे खातो म्हणून निभावलं.

दिवस तिसरा आणि चौथा: छुंगजू

पूर्व सेऊलच्या बसस्थानकातून साधारण दोन तास. वाटेत सफरचंदांच्या बागा, लालभडक, आणि शहरात शिरल्यावर रस्त्याच्या कडेलाही सफरचंदाचीच झाडं. त्यांना कोणी हात लावत नाही. सईने मला तसं दोनदा बजावून सांगितलं.

तेक्यॉनची दुसरी कथा इथली. शिन हान-सुंग (जन्म १९२८) छुंगजूत राहून शिकवायचे. सॉंग आणि इतर म्हाताऱ्यांकडून जे मिळेल ते त्यांनी गोळा केलं, त्याला क्रम दिला, नावं लावली, शिकवता येईल असं केलं. १९८३ च्या जूनमध्ये सरकारने तेक्यॉनला ७६ व्या क्रमांकाचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सॉंग आणि शिन दोघांनाही धारक मानलं. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, दोघंही गेले. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. त्या यादीत येणाऱ्या पहिल्या युद्धकलांपैकी ही एक. आज तेक्यॉनच्या तीन-चार संघटना आहेत आणि प्रत्येकीची पद्धत थोडी निराळी. कोणाचं तेक्यॉन जास्त अस्सल, यावर त्यांच्यात आपल्या गायकीच्या घराण्यांइतकीच चुरस असते. मी त्यात पडत नाही. मला शिकवणारे जे म्हणाले ते लिहितोय.

होआम तलावाच्या काठी तेक्यॉनचं शिक्षण केंद्र आहे. शहराचं स्वतःचं पथकही आहे. आधी मेल टाकून दोन सत्रांची परवानगी मिळवली होती. आमचे शिक्षक चाळिशीचे, अंगाने किरकोळ, आवाज इतका हळू की दुभाषी म्हणून आलेली विद्यार्थिनीही पुढे वाकून ऐकायची. सगळे त्यांना सन्सेंगनिम म्हणायचे, म्हणजे गुरुजी. भिंतीवर एका जुन्या चित्राची मोठी प्रत होती. १८४६ सालचं, यू सुक या चित्रकाराच्या नावावर असलेलं. गावाबाहेर लोकांनी रिंगण धरलंय, आत एक जोडी सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती खेळतेय आणि दुसरी तेक्यॉन. काळ्या टोप्यांतले बडे लोक, वेण्या घातलेली पोरं, सगळे एकाच गवतावर बसलेले. आपल्या जत्रेतला फडच.

पहिल्या सत्रात सईची परीक्षा झाली. तिच्यासमोर तिच्याच वयाची मुलगी उभी केली. सईने सवयीने बाजूची लाथ झाडली, सप्पकन, आणि ती मुलगी बरगडी धरून खाली बसली. सई घाबरली, वाकून वाकून माफी मागू लागली. सन्सेंगनिम रागावले नाहीत. त्यांनी सईला बोलावलं आणि तिच्या पोटावर आपला तळपाय हलकेच टेकवला, मग दाबला. ती चार पावलं मागे जाऊन भिंतीला लागली, पण तिला दुखलं काहीच नाही.

"हे नुंजिरुगी," दुभाषी मुलगी म्हणाली. "आम्ही लाथेने ढकलतो. झटका मारला तर हाड मोडतं. सामना शेजारच्या गावाशी असतो ना. उद्या बाजारात त्याच माणसाची गाठ पडणार."

हाड मोडणाऱ्या सरळ लाथाही या विद्येत आहेत, जुन्या काळच्या भांडणांत त्या चालायच्या. पण खेळाच्या रिंगणात त्यांना मज्जाव. सामना जिंकायचे मार्ग दोन: समोरच्याला पाडा, नाहीतर त्याच्या डोक्यापर्यंत पाय पोचवा. मुठी नाहीत. हात ढकलायला, पकडायला, मानेला विळखा घालायला.

सगळ्यात मोठा धक्का अजून यायचा होता. सई अंतर ठेवून खेळत होती, तायक्वांदोत शिकवतात तशी: लांब राहा, संधी बघ, आत घुस, मार, बाहेर पड. सन्सेंगनिमनी थांबवलं. म्हणाले, तेजॉप कुठेय? तेजॉप हा रोजच्या बोलण्यातला कोरियन शब्द, अर्थ पाहुण्याची सरबराई. घरी कोणी आलं तर जे करायचं ते. तेक्यॉनमध्ये त्याचा अर्थ: तुझा एक पाय समोरच्याच्या टप्प्यात पुढे ठेव. त्याला मारता येईल, अडकवता येईल असा. तो पाय मागे लपवून खेळणं हा दोष.

"म्हणजे मी मुद्दाम माझा पाय त्याला द्यायचा?" सई.

"हो."

"आणि त्याने तो ओढला तर?"

दुभाषी मुलीने विचारलं. सन्सेंगनिमनी खांदे उडवले आणि एकच शब्द बोलले. ती हसत म्हणाली, "तर पडशील."

त्या रात्री यावर सई आणि माझी पहिली खरी चर्चा झाली. तिचं म्हणणं, हा नियम म्हणजे नाटक, खऱ्या हल्लेखोराला कोण पाय देतं? तिचा मुद्दा चुकीचा नाही. पण मला राहून राहून वाटत होतं की पाय पुढे ठेवल्याशिवाय हा खेळच होत नाही. दोघंही सुरक्षित अंतरावर उभे राहिले तर रिंगणातले लोक घरी जातील. कुस्तीतही पैलवान आधी हाताला हात देतात, मग डाव. तो हात दिल्यावर पळायची सोय राहत नाही. तेक्यॉनने तेवढंच केलं, हाताऐवजी पाय. आणि पाय दिलेला माणूस ताठ उभा राहूच शकत नाही, त्याला सतत लवावं लागतं, वजन इकडून तिकडे वाहतं ठेवावं लागतं. म्हणजे ती डोलण्याची लेझीम शोभेसाठी नव्हतीच. पाय टप्प्यात असेल तर स्थिर राहणं परवडत नाही, म्हणून ती.

"बाबा, तू आज अकरा वेळा पडलास," सई म्हणाली आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या सत्रात मला दोन डाव शिकवले. नाकशिगॉरी, म्हणजे गळ टाकणं: पायाच्या पंज्याने समोरच्याची टाच मासा ओढावा तशी आपल्याकडे ओढायची. आणि तान्जुक: बाजूने पाय मारून किंवा ओढून पाडायचं. हा शब्द कोरियन बोलण्यात इतका मुरलाय की कोणी ठरल्या कामात मोडता घातला, तर "तान्जुक घातला" म्हणतात. मी दुभाषी मुलीला सांगितलं, आमच्याकडे खोडा घालतात, आणि पायही ओढतात. तिने वहीत लिहून घेतलं.

दुपारी थांगुमदे टेकडीवर गेलो. सहाव्या शतकात उरुक नावाचा वादक इथे बसून गायागुम हे तंतुवाद्य वाजवायचा म्हणतात. पण गावकरी सांगतात ती गोष्ट १५९२ ची, जपानी स्वारीतली. सेनापती शिन रिपने नदी पाठीशी घेऊन लढाई दिली आणि हरला. कड्यावर बाण मारून मारून प्रत्यंचा तापली, म्हणून ती भिजवायला तो बारा वेळा नदीपर्यंत खाली उतरला आणि वर चढला, अशी दंतकथा. शेवटी त्याने नदीतच उडी घेतली. मागे हटायची सोय न ठेवणं नेहमी शहाणपणाचं नसतं, एवढं सईने मला मुद्दाम ऐकवलं.

जेवण: ओल्गेंगी-गुक. नदीतल्या बारीक काळपट शंख-गोगलगायींचा, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यातला हिरवट रस्सा. कोकणातल्या माणसाला मुळ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आठवण येईल. मी दोन वाट्या घेतल्या, सईने मासे आणि भात खाऊन घेतलं.

दिवस पाचवा: सुआनबो

हा बेतात नव्हता. माझा उजवा गुडघा, जो २००९ मध्ये हरिश्चंद्रगडावर दुखावलाय, सकाळी उठून वाकेना. सन्सेंगनिमचा निरोप आला, सुआनबोला जा. छुंगजूजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, पाणी ५३ अंशांचं निघतं.

जाहीर स्नानगृहात कपड्यांना परवानगी नाही. सगळे कपडे. मी दारात दहा मिनिटं घोटाळलो. आत सगळे आजोबा, कोणाला माझ्याकडे बघायचीही फुरसत नव्हती. पाण्यात उतरल्यावर गुडघ्याचं आणि लाजेचं दोन्ही दुखणं पाच मिनिटांत विरघळलं. बायकांच्या बाजूला सईला एका आजींनी पाठ घासून दिली, तिने विचारण्याआधीच, आणि नंतर तिच्या हातात घासणी देऊन स्वतःची पाठ पुढे केली. तिथे तीतराच्या जातीच्या फेजंट पक्ष्याचे पदार्थ प्रसिद्ध आहेत. महाग वाटले, पण डंपलिंग खाऊन बघाच.

*कामाचं:* साबण लावून अंग धुतल्याशिवाय कुंडात उतरू नका. छोटा टॉवेल तिथेच मिळतो. डोक्यावर ठेवायचा, पाण्यात नाही.

दिवस सहावा आणि सातवा: ग्यॉंगजू आणि गोलगुलसा

बस बदलत ग्यॉंगजूला. प्राचीन शिला राज्याच्या राजांचे गवताने मढवलेले मोठे गोल थडगे-टेकाड, संध्याकाळच्या उन्हात. लाल चवळीचं सारण भरलेली छोटी गरम भाकरी. आणि सॉक्कुरामच्या बौद्ध गुहेत दारावरचे दगडी रक्षक, मुठी वळलेले. तायक्वांदोच्या कित्येक पुस्तकांत हे रक्षक 'प्राचीन तायक्वांदोचा पुरावा' म्हणून येतात. मला ते पटत नाही. मूठ वळलेला द्वारपाल आपल्याही लेण्यांत सापडेल. तायक्वांदो हे नाव १९५५ चं, आणि त्याच्या पहिल्या शाळा काढणाऱ्यांतले बरेचसे जपानमध्ये कराटे शिकून आलेले. हे सईला सांगितलं तर ती अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "नवीन असलं म्हणून काय झालं? चांगलं आहे ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोलगुलसा विहार ग्यॉंगजूपासून समुद्राकडच्या रस्त्यावर, हामवॉलसान डोंगरात. शहरबसने फाट्यावर उतरायचं, पुढे वीसेक मिनिटं चढ. इथे सॉनमुदो शिकवतात, म्हणजे ध्यानाचीच युद्धकला. बुसानच्या पोमोसा विहारातल्या यांगिक नावाच्या भिक्षूंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उभी केली. मुक्कामाची नोंदणी आधी करावी लागते. कपडे तिथेच देतात. मुलगी वेगळ्या खोलीत.

कातळात कोरलेला चारेक मीटर उंच बुद्ध, वर पारदर्शक छप्पर. तिथे पोचायला दोर धरून खडकावरून चढावं लागतं. आसपासच्या गुहा सहाव्या शतकात भारतातून आलेल्या ग्वांग्यू नावाच्या भिक्षूने कोरवून घेतल्या अशी इथली परंपरा. चहाच्या वेळी आमचा देश कळल्यावर एक तरुण भिक्षू म्हणाले, "उशीर केलात. तुमच्याकडचे गृहस्थ दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन गेले." चेहरा अगदी गंभीर. वाटेत एका कुत्र्याचा पुतळाही आहे. तोंग-आ नावाची ही जिंदो जातीची कुत्री पहाटेच्या प्रार्थनेला न चुकता भिक्षूंसोबत बसायची.

पहाटे साडेचारला लाकडी ठोकळ्याचा आवाज. थंडीत १०८ दंडवत. एकाहत्तरनंतर मी मोजायचं सोडलं. मग सॉनमुदोचा वर्ग. मला इथे उड्या अपेक्षित होत्या. पहिला अर्धा तास आम्ही नुसते बसून श्वास बघितला. शिकवणाऱ्यांनी ज्या सूत्राचं नाव घेतलं ते आनापानाचं. आन आणि अपान, श्वास आत, श्वास बाहेर. इगतपुरीला ज्यांनी दहा दिवस काढलेत त्यांना हा शब्द पाठ असेल. कसाऱ्याचा घाट चढून जिथे तो शिकवतात तिथे मी कधी गेलो नाही, आणि ऐकला तो इथे, कोरियन उच्चारात.

नंतर त्याच श्वासावर हालचाली. एक पाय इतका सावकाश वर उचलायचा की श्वास संपताना तो टोकाला पोचावा. जोरात लाथ मारणं कितीतरी सोपं, हे सईला तिथे कळलं; तिचे पाय थरथरत होते. तेक्यॉनमध्ये समोर माणूस असतो आणि त्याला पाय द्यायचा असतो. इथे समोर कोणीच नाही. मला खरं सांगायचं तर छुंगजूचा हसरा गोंधळ जास्त भावला. सईला हे. पडण्यापेक्षा थरथरणं तिला जास्त गंभीर वाटतं, वय तसं आहे.

जेवण म्हणजे थेट आजीचा चातुर्मास: कांदा नाही, लसूण नाही. रविवार होता म्हणून सकाळचं जेवण चार वाडग्यांचं, विधीपूर्वक, बोलायचं नाही. शेवटी मुळ्याच्या एका फोडीने वाडगे पुसून, त्यात पाणी फिरवून, ते पाणी पिऊन टाकायचं. माझे आजोबा ताटात पाणी घालून प्यायचे आणि आम्ही नातवंडं तोंड वाकडं करायचो. सईने माझ्याकडे बघत तोंड वाकडं केलं आणि मुकाट्याने प्याली.

दुपारी तीनला मुख्य मंदिरासमोर सॉनमुदोचं प्रात्यक्षिक असतं. नुसत्या दिवसापुरते गेलात तरी हे गाठा. मुक्कामाला गेलात तर जाड मोजे न्या, लाकडी सभागृहाची फरशी पहाटे बर्फ असते.

दिवस आठवा: पुन्हा सेऊल

विमान रात्रीचं. सकाळी छुंगजूहून आणलेली चार सफरचंदं घेऊन साजिक बागेत गेलो. आजोबा तिथेच. त्यांनी सफरचंदं दोन्ही हातांनी घेतली, बाकावर ओळीने मांडली, आणि फोनही त्यांच्या शेजारी ठेवून दिला. मग सईकडे वळून डावा पाय पुढे केला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनेही पाय पुढे केला. ती डोलायला लागली, आणि यावेळी तिचे गुडघे तिनात होते, मला बाहेरून दिसत होतं. आजोबांनी दोनदा तिचा घोटा चाचपला, तिसऱ्यांदा तिला जवळजवळ बसवलंच होतं. ती सावरली, आणि तिच्या पंज्याने आजोबांची टाच गळासारखी ओढली.

"इक्कु!" आजोबा म्हणाले आणि गवतावर बसले.

सगळे धावले. ते मांडी घालून बसलेले, हसताहेत, एका हाताने पाठ झटकताहेत. एक सफरचंद मागून घेतलं आणि तिथेच बसून खायला लागले.

विमानात सईने मला तीनदा विचारलं, "बाबा, ते खरंच पडले, की पडू दिलं त्यांनी?"